दूरदेशीचे लेकरू आणि घरची भाकर

दर वेळी आम्ही एखादे वचन घेतो आणि त्याचे यथामती निरूपण करतो. या खेपेस तसे केलेले नाही. आजचा विषय एका माउलीने आम्हांस दिला, आणि तोही आमचा कान धरून दिला. तो प्रसंग आधी सांगतो, म्हणजे पुढचे निरूपण भाविक वाचकांच्या ध्यानी येईल.

गेल्या माघात जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यातील एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. चौथ्या दिवशीची कीर्तनसेवा आमच्याकडे होती. पुंडलिकरायाची कथा लावली होती. मंडप भरलेला, टाळकरी रंगलेले, आणि बोलता बोलता आमच्या जिभेला धार चढली. आम्ही म्हणालो, "पुंडलिकाने आईबापाचे पाय दाबता दाबता देवालासुद्धा थांबवले, आणि हल्लीची पोरे पाहा! आईबाप वाड्यात खोकत बसलेत, अन् हे विमानात बसून पैशाच्या मागे समुद्रापार!" मंडप हसला. टाळ्या पडल्या. आम्हांलाही बरे वाटले. कीर्तनकाराला टाळीचा मोह फार वाईट असतो, वाचकहो. त्या टाळीत कोणाचे काळीज चेपले गेले हे आमच्या ध्यानीही आले नाही.

रात्री उतरण्याच्या घरी हातपाय धुऊन बसलो, तोच एक बाई आली. वय साठीच्या घरात, गळ्यात तुळशीची माळ, पदर डोक्यावरून घेतलेला. दाराशीच टेकली. आम्ही म्हणालो, "या माय, बसा." ती म्हणाली, "महाराज, रागावू नका. तुम्ही आज बोलला ते मपल्या लेकरावर बोलला. ते ऑस्ट्रेलियात हाय, मेलबर्न म्हणत्यात त्या गावाला. पर ते पैशाच्या मागं नाही गेलं. बाग वाळली म्हणून गेलं."

मग तिने सांगितले ते थोडक्यात असे. तीन एकर जमीन, त्यात मोसंबीची बाग. आपल्या जालन्याची मोसंबी सर्वत्र नावाजलेली आहे, हे वाचकांस ठाऊक आहेच. पुढे २०१२-१३ चा दुष्काळ आला. विहिरीने तळ दाखवला, पिण्याचे पाणी टँकरने येऊ लागले, तेथे झाडाला कोण पाणी देणार? लेकराप्रमाणे वाढवलेली झाडे उभ्या उभ्या वाळली. शेवटी कुऱ्हाड लावली आणि त्याच लाकडावर दोन वर्षे चूल पेटली. पोरगा तेव्हा शिकत होता. कर्ज काढून शिक्षण पुरे केले आणि ते फेडण्यासाठी दूरदेशी गेला. कर्ज फिटले, विहीर खोल झाली, बहिणीचे लग्न झाले. आणि मधल्या काळात बाप गेला. पोरगा पोहोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. राख सावडायला मात्र मिळाला.

एवढे सांगून तिने पदराआडून फोन काढला. "त्यानं बोलून धाडलंय, ऐका," म्हणाली. आम्ही ऐकले. पोरगा आईला सांगत होता की, ज्वारीचे पीठ तेथे दुकानात मिळते, डाळ मिळते, मसाला मिळतो, मिळत नाही असे काही नाही. "पर बाई, भाकर मीच थापतो, मीच भाजतो अन् मीच खातो. तव्यावरची भाकर ताटात टाकून 'आनिक घे' म्हणणारं कोणी नाही." मग त्याने एकेक गोष्ट काढली. माठातले पाणी आणि त्यावर उपडा घातलेला तांब्या. लिंबाखालची बाज. सकाळी अंगणात पडलेला सडा. बैलांपुढे टाकलेल्या कडब्याचा वास. पाट्यावर वाटलेला ठेचा. पहाटे देवळाच्या भोंग्यावरून येणारा काकडा, ज्याच्यावर तो लहानपणी झोपमोड होते म्हणून चिडत असे. वाटेने जाणारा माणूस "काय रं, कधी आलास?" म्हणून उगीच विचारतो, ते विचारणे. आषाढात तर जीव फारच कासावीस होतो, असे म्हणाला. तेथे आषाढात हिवाळा असतो. सव्वापाचाला दिवस मावळतो, अंधार आणि गारठा. आणि इकडे त्याच दिवसांत मुक्ताईची पालखी जालन्याहून अंबडकडे येते, पुढे शहागडला गोदावरी ओलांडते. लहानपणी सडकेच्या कडेला उभा राहून तो वारकऱ्यांना पाणी पाजत असे. शेवटी म्हणाला, "बाई, आपल्या वावरातली मूठभर माती धाडता आली असती तर! पर ती बी इथं येऊ देत नाहीत." खरेच आहे, त्या देशात परवानगीवाचून बाहेरची माती आणू देत नाहीत, पिकांना रोग लागू नये म्हणून तसा कायदा आहे.

फोन मिटवून ती माउली म्हणाली, "महाराज, दोनच गोष्टी इचारते. लेकराला भाकर आठवती, माठ आठवतो, ह्याला तुम्ही मोह म्हणता का? अन् ते जवळ नाही म्हणून ते पुंडलिकाच्या वाटेवरून हुकलं का?"

आमच्याजवळ त्या रात्री उत्तर नव्हते. "माय, काल्याच्या दिवशी सांगतो" एवढेच बोललो. ती गेली आणि आम्हांला झोप लागली नाही. पुढचे तीन दिवस जो विचार झाला तो आज वाचकांपुढे ठेवतो.

पहिला प्रश्न : घरच्या साध्या वस्तूंची आठवण हा मोह की काय?

वैराग्याची भाषा ज्याच्या तोंडी बसली आहे तो चटकन म्हणेल, होय, मोहच. माठ काय, भाकर काय, सगळे नाशवंत. परंतु आपल्या संतांनी ही आठवण टाकून दिली आहे काय? आपण पंढरीला काय म्हणतो? माहेर म्हणतो. आता सासुरवाशिणीचे पाहा. सासरी तिला खायला मिळत नाही असे नाही. कित्येकदा माहेरापेक्षा सासर सुखवस्तू असते. तरीही माहेरच्या वाटेवरून कोणी आले की तिचे डोळे भरतात. माहेरची शिळी भाकर तिला सासरच्या पुरणपोळीहून गोड लागते. ती गोडी पिठातली नव्हे. ती थापणाऱ्या हाताची आहे. संतांना देवाची ओढ सांगायची होती, तेव्हा हजार उपमा पुढे असताना त्यांनी हीच निवडली. जी ओढ संतांनी देवाकडे जाण्याची वाट म्हणून दाखवली, तिला आपण पाप कसे म्हणावे?

तेव्हा भेद वस्तूत नाही, मनात आहे. मोह म्हणतो, "ती वस्तू माझी, ती मला पाहिजे." प्रेम म्हणते, "ती वस्तू ज्याने दिली तो कुठे असेल, कसा असेल?" पोराला भाकर आठवली, पण त्या आठवणीत भाकरीपेक्षा "आनिक घे" हे शब्द मोठे होते. परीक्षा आणखी एक आहे. मोहाने माणूस आवळतो, प्रेमाने सैल होतो. आम्ही त्या माउलीला नंतर विचारले, "तो तिथे सुटीच्या दिवशी काय करतो?" म्हणाली, "नवी शिकायला आलेली पोरं असत्यात, त्यांना घरी बोलावून भाकरी करून घालतो. आनिक घ्या म्हणतो." ऐका वाचकहो! जे त्याला मिळत नाही तेच तो दुसऱ्याला देतो. ही मोहाची चाल नव्हे.

आणि या वस्तू साध्या म्हणून कमी लेखाल तर आपल्या संप्रदायात उरेल काय? जनाबाईच्या कथेत देव कुठे येतो? जात्यापाशी. दळताना खुंट्याला हात लावायला येतो. गोरोबाकाका तेरचे कुंभार. त्यांचा देव मातीच्या चिखलात. सावतोबा अरणचे माळी; त्यांचा देव मळ्यात, भाजीच्या वाफ्यात. सेना महाराजांचा देव न्हाव्याच्या आरशात. आणि खुद्द पांडुरंग उभा आहे तो कशावर? सिंहासनावर नव्हे, विटेवर. पुंडलिकाच्या घरात हाताशी होती ती वीट. आईबापाच्या सेवेत खंड पडू नये म्हणून तीच फेकली आणि देव तीवर उभा राहिला. घरातल्या सामान्य वस्तूला याहून मोठा मान कोणी दिला आहे काय? म्हणून परमुलखात बसून ज्याला घरचा माठ आणि जाते आठवते, तो फार थोर संगतीत आहे.

उलट लाज वाटावी ती आपल्यालाच, जे घरी आहोत. माठ आपल्या घरात आहे. त्यातले पाणी पिताना कधी मनात काही आले? पहाटेचा काकडा भोंग्यावर चालू असतो आणि आपण कूस बदलतो. घरातली माउली चुलीपुढे धुराने डोळे पुसत भाकर वाढते आणि आपण "मीठ जास्त झाले" म्हणतो. त्या पोराला हजारो कोसांवरून जे दिसते ते आपल्याला हातभर अंतरावरून दिसत नाही. मग खरा दूरदेशी कोण?

आता संतचरित्राकडे वळू, कारण आपल्याकडे शेवटचे माप तेच.

नामदेवराय पाहा. पंढरीवाचून त्यांना क्षणभर करमत नसे. विठ्ठलाशी हट्टाने, लाडाने बोलणारा हा भक्त. त्याचे माहेर, सासर, अंगण सगळे चंद्रभागेच्या काठी. तेच नामदेवराय ज्ञानदेवांच्या समाधीनंतर उत्तरेत गेले आणि वर्षानुवर्षे पंजाबात राहिले. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान हे त्यांच्या वास्तव्याचे गाव. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले होते हे अनेकांच्या स्मरणात असेल. विचार करा, त्या काळी पत्र नाही, तार नाही. वेगळी बोली, वेगळे अन्न, कडाक्याची थंडी. तेथे ना चंद्रभागा, ना वाळवंट. त्यांनी काय केले? तेथल्या लोकांच्या बोलीत देवाचे नाम गायिले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात आहेत, आणि त्यांत आपल्या विठ्ठलाचे नाव 'बीठल' होऊन आले आहे. नावाचा उच्चार तेवढा परमुलखाचा झाला, आतला देव तोच राहिला. आणि शेवट? आपली परंपरा सांगते की नामदेवराय पंढरीस परतले आणि महाद्वाराच्या पायरीशी विसावले. ती नामदेव पायरी आपण वंदन करूनच आत जातो. त्यांनी मागून घेतली ती जागा गाभाऱ्यातली नाही, घराच्या उंबऱ्यासारखी आहे. दूर राहिलेल्या माणसालाच उंबऱ्याची किंमत कळते.

दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्यातलेच. घनसावंगी तालुक्यात जांब आहे, समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली सूर्याजीपंत आणि राणूबाई यांच्या पोटी नारायण जन्मला. बाराव्या वर्षी बोहल्यावरून निघून गेला. बारा वर्षे तप, बारा वर्षे तीर्थाटन. चोवीस वर्षे आईला मुलाचे तोंड दिसले नाही. परंपरेत सांगतात की वाट पाहता पाहता तिची दृष्टी गेली. एके दिवशी दारात गोसाव्याची आरोळी आली आणि त्या आंधळ्या माउलीने आवाजावरून ओळखले, हा माझा नारोबा. समर्थांचा संप्रदाय निराळा, आपला निराळा, पण आईची कळ सगळ्या संप्रदायांत एकच. आम्ही जांबला गेलो की समर्थांना वंदन करतो, आणि चोवीस वर्षे दाराकडे कान लावून बसलेल्या त्या राणूबाईलाही करतो. पुष्कळ कीर्तनांत तिचे नाव ओझरतेच येते. ते तसे येऊ नये.

आणि परदेश म्हणजे समुद्रापलीकडचाच असतो असे कोणी मानू नये. १८३४ पासून गिरमिटावर जहाजे भरभरून माणसे मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली. त्यांत आपली कोकणातली मराठी माणसेही होती. बहुतेकांना परत येणे घडले नाही. त्यांनी तेथेच देव मांडले, सण केले, भाषा जपली. आज तेथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. तो ऊस झाला सातासमुद्रापारचा. आता आपल्या अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर भागांतला ऊस घ्या. दसरा-दिवाळी सरली की मुकादमाची उचल घेतलेले नवराबायको कोयता घेऊन निघतात. सहा-सहा महिने कारखान्याच्या हद्दीत पाचटाच्या कोपीत राहतात. म्हातारे आईबाप आणि शाळेतली लेकरे गावी. त्या कोपीत बसलेल्या लेकीला घरची चूल आठवत नाही काय? तिच्याविषयी आम्ही कधी कीर्तनात टोमणा मारला नाही, कारण तिचे पोट आम्हांला दिसते. विमानाने गेलेल्याचे पोट आम्हांला दिसले नाही. वाळलेली बाग दिसली नाही. हा आमचा दोष.

आता दुसरा प्रश्न, आणि तो अवघड आहे : जो आईजवळ नाही तो पुंडलिकाच्या वाटेवरून हुकला काय?

येथे आम्ही गोड बोलून वेळ मारून नेणार नाही. पैसा पाठवला म्हणजे सेवा झाली, असे नाही. पैशाने औषध येते. रात्री दोन वाजता उठून ते पाजणारा हात पैशाने येत नाही. बाप गेला तेव्हा तो पोरगा नव्हता, आणि हे दुःख कोणत्याही निरूपणाने पुसले जाणार नाही. तो जन्मभर ते वागवील. आम्ही "सगळी देवाची इच्छा" म्हणून हात झटकले तर ते त्याच्या दुःखाचा अपमान करणे होय.

पण पुंडलिकाची कथा पुरी ऐकावी. कथेत असे सांगतात की पुंडलिक आधी आईबापाला छळणारा होता, काशीला निघालेला होता; कुक्कुट मुनींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले आणि तो मागे फिरला. म्हणजे आपल्या संप्रदायाचा आद्य भक्तही वाट चुकून परत आलेला आहे. सेवेची वाट एकदा हुकली म्हणजे कायमची बंद झाली, असे त्या कथेत नाही. पाय कोठे आहेत यापेक्षा तोंड कोणत्या दिशेला आहे ते देव पाहतो. त्या पोराचे तोंड घराकडे आहे. मात्र तोंड घराकडे असणे पुरेसे मानून त्याने तेथेच थांबू नये. ज्याला येता येईल त्याने आई आहे तोवर यावे. आठवण काढायला पुढे उभा जन्म आहे.

आणि गावाचे काय? पुंडलिकाचा आदर्श आपण फक्त त्या पोरापुढे ठेवतो, स्वतःपुढे का ठेवत नाही? ज्या घरचे लेकरू दूर आहे, मग ते मेलबर्नला असो की उसाच्या फडात, त्या घरच्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात कोण नेतो? एकादशीला त्यांच्या दारात कोण डोकावतो? वारीला त्यांचे गाठोडे कोण उचलतो? आपण सप्ताहात लाखोंची अन्नदाने करतो, आणि चार घरे पलीकडे एक म्हातारी एकटीपुरती भाकर करायचा कंटाळा म्हणून चहा पिऊन निजते.

यास्तव काही साध्या गोष्टी सुचवतो.

दूरदेशी असलेल्या माळकऱ्यांनी एकादशी तेथल्या सूर्योदयाच्या पंचांगाने धरावी. तिथी सूर्योदयावरून मानतात आणि सूर्योदय स्थळागणिक बदलतो. त्यामुळे एखादे वेळी तेथली एकादशी आपल्याहून एक दिवस मागेपुढे येते. त्यात मन खट्टू करू नये. तुळस थंडीत बाहेर ठेवू नये, ती गारठ्याने जाते. घरात, ऊन येणाऱ्या खिडकीशी ठेवावी. आईशी रोज बोलावे, पण नुसते "जेवलीस का" विचारून फोन मिटवू नये. एक वेळ ठरवून दोघांनी मिळून हरिपाठ म्हणावा. आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजतात तेव्हा मेलबर्नला हिवाळ्यात रात्रीचे आठ वाजलेले असतात; दोघांनाही सोयीची वेळ आहे. नामाला कोठे जकात नाही, परवाना नाही. माती अडवतात, नाम कोणी अडवत नाही.

आणि घरी असलेल्यांनी इतके करावे : प्रत्येक दिंडीने आपल्या गावातील अशा एका तरी घराची जबाबदारी घ्यावी.

काल्याच्या दिवशी आम्ही उभे राहिलो आणि भर मंडपात चौथ्या दिवशीच्या शब्दांची क्षमा मागितली. त्या माउलीचे नाव घेतले नाही. गावाला कळायचे ते कळले. मग काल्याची कथा लावली. गोकुळातील गोपाळांनी आपापल्या घरची शिदोरी आणली. कोणाची दहीभात, कोणाची शिळी भाकर, कोणाची नुसती ताकाची धार. भगवंताने ती एकत्र केली आणि प्रत्येकाच्या मुखात दुसऱ्याच्या घरचा घास घातला. आपल्या घरची भाकर दुसऱ्याच्या मुखात आणि दुसऱ्याच्या घरची आपल्या मुखात, हाच काला. तो पोरगा सुटीच्या दिवशी तेथे हेच करतो.

हंडी फुटली. लाह्या-दही वाटले जात असताना ती माउली फडक्यात गुंडाळलेली भाकर घेऊन आली, आणि ठेच्यासकट ती काल्यात कुस्करून टाकली. म्हणाली, "महाराज, हा त्याच्या वाटचा." तो घास आम्ही खाल्ला. तिखट होता, डोळ्यांत पाणी आले. ठेच्याने आले की कशाने, ते आम्ही सांगत नाही.

गावच्या दिंडीतील तरुणांनी त्याच दिवशी ठरवले की या आषाढीला तिला बरोबर न्यायचे आणि तिचे गाठोडे पाळीपाळीने उचलायचे. पोरानेही कळवले आहे की कार्तिकीला येतो. ये म्हणावे, बाबा. पांडुरंग विटेवर उभाच आहे, आणि तुझी आई उंबऱ्यात.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल ॥ रामकृष्णहरि ॥